साचेखात्याचं दार आणि हप्त्यावरची डिग्री

गेल्या महिन्यात बैठक चालू असताना एका पोराचा फोन तीनदा वाजला. तिसऱ्यांदा आम्हीच म्हटलं, घे बाबा एकदाचा. त्यानं स्पीकर लावला. पलीकडून पोरीचा गोड आवाज. "सर, ऑनलाइन एमबीएच्या शेवटच्या दोन सीट्स राहिल्यात. डिस्काउंट फक्त आज रात्री बारापर्यंत. महिना सहा हजार, नो कॉस्ट ईएमआय. सर, तुमच्या करिअरचा विचार करा ना."

सगळे हसले. ऑनलाइन वर्गातली बाकडी संपतात कशी, असं कुणीतरी विचारलं. पण तो पोरगा हसला नाही. फोन खिशात टाकून म्हणाला, "हसू नका. मला खरंच करायचंय. करू का नको, ते सांगा."

हा पोरगा बदलापूरला राहतो. ऐरोलीच्या एका कंपनीत बसून परदेशी गिऱ्हाइकांची बिलं तपासतो. सहा वर्षं झाली. हातात अठ्ठावीस हजार येतात. त्यानं ज्याला काम शिकवलं तो दीड वर्षात त्याचा टीम लीडर झाला. यानं साहेबाला विचारलं, माझं काय? साहेब म्हणाला, त्याच्याकडे एमबीए आहे, तुझ्याकडे काय आहे?

बैठकीत दोन तट पडले. एक म्हणाला, भांडवलदारांच्या कारकुनीची डिग्री घेऊन तू चळवळीचं काय उपटणार? दुसरा म्हणाला, पगार वाढतोय ना, डोळे झाकून घे. चहा संपला, वाद संपला नाही. म्हणून हे संपादकीय. या अंकात खरं तर दुसराच विषय होता. पण आपल्या दहातल्या सहा पोरापोरींना आज हाच प्रश्न पडलाय आणि त्यांना उत्तर देणारे सगळे काहीतरी विकायला बसलेत. आपल्याकडे विकायला काही नाही. आपण बोललं पाहिजे.

आधी भांडवलदारांची डिग्री म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी बोलू.

दोस्तांनो, मुंबईच्या गिरण्यांत आपले आजे-पणजे होते. पण कुठे होते? साचेखात्यात नव्हते. तिथला पगार चांगला, म्हणून तिथे आपल्याला मज्जाव. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो आणि महाराचं उष्टं तोंडाला लागलं तर सवर्ण कामगाराचा धर्म बुडतो. भोंगा एक, मालक एक, लाल बावटा एक, पण साचेखात्याचं दार बंद. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच सवाल एकजुटीची भाषणं ठोकणाऱ्या पुढाऱ्यांच्या तोंडावर फेकला. साचे मालकाचे आहेत, भांडवलदाराचे आहेत, म्हणून आपल्याला साचेखातं नको, असं बाबासाहेब म्हणाले नाहीत. ते म्हणाले, दार उघडा.

आज गिरण्या नाहीत. त्या जागी टॉवर आहेत, मॉल आहेत आणि काचेची ऑफिसं आहेत. या काचेच्या गिरणीतही साचेखातं आहे. त्याला मॅनेजमेंट म्हणतात. कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं, कुठलं काम कंत्राटदाराला द्यायचं, सफाईवाल्या बाईला किती पगार द्यायचा, हे तिथे ठरतं. तिथे कोण बसलंय? २०१२ साली इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत एक अभ्यास छापून आला. देशातल्या हजार बड्या कंपन्यांच्या संचालक मंडळांची जात त्यात तपासली होती. ९३ टक्के संचालक पुढारलेल्या जातींचे. अनुसूचित जाती आणि जमाती मिळून साडेतीन टक्के. आता सांगा, मॅनेजमेंट हा आपला विषय नाही, असं म्हणून फायदा कुणाचा होतो?

आणि पोट जाळत शिकणं हे काही आपल्याला नवीन नाही. जोतिबा-सावित्रीबाईंनी १८५५ साली रात्रीची शाळा काढली ती दिवसभर राबणाऱ्या बाया-बाप्यांसाठीच. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली बाबासाहेबांना लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं. त्यांनी काय केलं? १९१८ ते १९२० सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली. आजच्या जाहिरातीच्या भाषेत सांगायचं तर 'वर्किंग प्रोफेशनल' होते बाबासाहेब. पगारातून पैसे मागे टाकले, शाहू महाराजांनी हात दिला, नवल भथेनांनी कर्ज दिलं आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ ला डी. एस्सी. घेतली, तीही रुपयाच्या प्रश्नावर. पैसा कसा चालतो हे आपल्या माणसाला कळलं पाहिजे, हा काही आमचा नवा शोध नाही. १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज उघडलं तेव्हा वर्ग सकाळचे ठेवले. पोराला कॉलेज करून नोकरीवर जाता यावं म्हणून.

तेव्हा शिकायचं की नाही हा वादच नको. वाद आहे तो कुठे शिकायचं, किती पैशात आणि कशासाठी, हा.

आता दुसऱ्या तटाशी बोलू. डोळे झाकून घे म्हणणाऱ्यांशी.

डोळे झाकून घेतलेल्या डिग्रीचं काय होतं ते ऐका. २००१ ते २००५ या काळात काही अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणातून इंजिनियरिंगच्या पदव्या वाटल्या. पोरांनी फी भरली, परीक्षा दिल्या, नोकऱ्या लागल्या, बढत्या मिळाल्या. २०१७ साली सुप्रीम कोर्टानं त्या पदव्या स्थगित केल्या, कारण कोर्स चालवायला रीतसर परवानगीच नव्हती. गुन्हा विद्यापीठाचा आणि पुन्हा परीक्षेला बसायचं पोरांनी. बापाची ओळख असलेल्याचं अशा वेळी निभावतं. आपल्याला पडायला खाली जाळी नसते. म्हणून आपण कागद दोनदा वाचायचा.

कागद कुठला? नीट ऐका आणि लिहून घ्या.

ऑनलाइन आणि दूरशिक्षणाचे आजचे नियम यूजीसीनं २०२० साली केले. मान्यता असलेल्या विद्यापीठाची ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची पदवी ही वर्गात बसून घेतलेल्या पदवीइतकीच धरायची, हे यूजीसीनं सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा जाहीरपणे सांगितलं. म्हणजे 'ऑनलाइनवाल्याला कोण विचारतो' हे कायद्याच्या भाषेत खोटं आहे. पण त्यातला 'मान्यता असलेल्या' हा शब्द सोडायचा नाही. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाला डेब म्हणतात. कुठल्या विद्यापीठाला, कुठल्या कोर्ससाठी, कुठल्या सत्रापुरती परवानगी आहे त्याची यादी डेबच्या वेबसाइटवर असते. विद्यापीठ मोठं आहे म्हणून कोर्सला परवानगी असेलच असं नाही. गेल्या वर्षी होती म्हणून यंदा असेलच असंही नाही. तिन्ही गोष्टी आपल्या डोळ्यांनी बघायच्या, विकणाऱ्यानं पाठवलेल्या फोटोवर बघायच्या नाहीत. २०२४ पासून प्रवेशाआधी विद्यार्थ्याला स्वतःचा डेब-आयडी काढावा लागतो. तो न मागता कुणी प्रवेश देत असेल तर तिथून चालू पडायचं.

आणि पदवी देतो कोण ते विचारायचं. विद्यापीठ की कंपनी? शिकवणी विकणाऱ्या कंपन्यांना पदवी देण्याचा अधिकार नाही. विद्यापीठानं आपला कोर्स दुसऱ्याला भाड्यानं चालवायला देणं नियमात बसत नाही, हे यूजीसी आणि एआयसीटीईनं जानेवारी २०२२ मध्ये बजावलं. २०२४ मध्ये तर 'दहा दिवसांत एमबीए' असल्या नावांनी चाललेल्या धंद्याबद्दल यूजीसीला इशारा द्यावा लागला. दहा दिवसांत पापड वाळतात. एमबीए होत नाही. ते साधारणपणे दोन वर्षांचं असतं.

आता पैसा. बड्या आयआयएममध्ये दोन वर्षांची फी वीस लाखांच्या वर गेलीय, ते सोडून द्या. खासगी विद्यापीठांचं ऑनलाइन एमबीए दीड-दोन लाखांच्या आसपास जातं, काही ठिकाणी त्याहून बरंच वर. आणि इग्नू, जे संसदेच्या कायद्यानं १९८५ साली उभं राहिलं, तिथे एमबीएच्या सगळ्या सत्रांची फी मिळून साठ-पासष्ट हजारांच्या घरात होते. प्रवेश परीक्षा २०२१ पासून नाही. पदवीला पन्नास टक्के हवेत, राखीव गटाला पंचेचाळीस. आपल्या नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ सालचं, तेही आहे. या विद्यापीठांतून गोड आवाजाचा फोन येत नाही. त्यांच्या वेबसाइट अडकतात, पुस्तकं उशिरा येतात, निकालाला ताटकळावं लागतं. हे आम्ही झाकून ठेवत नाही. पण तिथे तुमच्या गरजेवर कुणी कमिशन खात नाही.

तो 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणजे काय ते एकदा समजून घ्या. फी तुम्ही विद्यापीठाला हप्त्यानं देता असं तुम्हाला वाटतं. तसं नसतं. बहुतेक वेळा एक फायनान्स कंपनी मधे येते, पूर्ण फी विद्यापीठाच्या खात्यात टाकते आणि तुमच्या नावावर कर्ज चढतं. सही तुम्ही मोबाइलवर एका आकड्यानं केलेली असते. दोन महिन्यांनी कोर्स झेपला नाही, सोडला, तरी कर्ज सुटत नाही. हप्ता चुकला की सिबिल बिघडतं, मग घराचं कर्ज मागायला गेलात की बँकवाला तोंड फिरवतो. आणि बिनव्याजी? रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना सुनावलंय की शून्य टक्के व्याज अशी चीजच अस्तित्वात नसते. व्याज कुठेतरी दडवलेलं असतं. रोख भरणाऱ्याला जी सूट मिळते ती तुम्हाला मिळत नाही, तेच व्याज. गावाकडे सावकाराच्या वहीवर अंगठा उठवून आपल्या पिढ्या खलास झाल्या. आता वही मोबाइलमध्ये आली आणि अंगठा तोच.

साधा हिशोब मांडतो. दीड लाख भागिले चोवीस, महिना सव्वासहा हजार, तेही कर्ज म्हणून. मुक्त विद्यापीठाची सत्राची फी सोळा हजार धरली, तर महिना पावणेतीन हजार बाजूला टाकले की सहा महिन्यांत पुढच्या सत्राची सोय होते. कुणाच्या बापाचं कर्ज नाही. झेपलं नाही तर एक सत्र थांबता येतं. अठ्ठावीस हजारांत घरभाडं, आईची औषधं आणि भावाचं कॉलेज भागवणाऱ्याला हा फरक समजावून सांगायची गरज नाही.

शिष्यवृत्तीचं विचाराल तर तिच्या भरवशावर राहू नका. केंद्राच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख आहे. महिना पंचवीस हजार कमावणाऱ्या घराचं वर्षाचं तीन लाख होतं. म्हणजे व्यवस्थेच्या हिशोबात तुम्ही श्रीमंत झालात, अभिनंदन! त्यापेक्षा कंपनीला विचारा. काही कंपन्या शिकणाऱ्या नोकरांची फी भरतात. पण त्या बदल्यात किती वर्षं नोकरी सोडायची नाही, ते कागदावर बघा, मगच सही करा.

पैशापेक्षा महाग वेळ आहे. जाहिरातवाला सांगतो, दिवसाला अर्धा तास दिला की पुरे. खोटं आहे. इग्नूच्या हिशोबात एक क्रेडिट म्हणजे तीस तासांचा अभ्यास. पहिल्या सत्रात सात विषय, प्रत्येकी चार क्रेडिट. करा गुणाकार. ८४० तास. सहा महिन्यांत वाटले तर रोज साडेचार तासांच्या वर. बदलापूरहून ठाणे, ठाण्याहून ऐरोली, येण्या-जाण्यात तीन-साडेतीन तास, वर नऊ तासांची शिफ्ट. कुठून आणणार साडेचार तास? आणि पोरींनी तर त्यात सकाळचा डबा आणि रात्रीची भांडी मिळवायची. चळवळीत भाषण ठोकून घरी गेल्यावर बहिणीला 'आधी चपात्या टाक, मग पुस्तक घे' म्हणणाऱ्या मर्दांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

मार्ग आहे. हे एमबीए दोनच वर्षांत संपवायची सक्ती नाही, चार वर्षांपर्यंत मुदत मिळते. परीक्षा जून आणि डिसेंबर अशा दोनदा होतात. सात पेपर एका दमात देऊन पाचात नापास व्हायचं आणि मग 'आपल्याला नाही जमत' म्हणून घरी बसायचं, त्यापेक्षा तीन-चार पेपर द्या आणि काढा. तीस टक्के गुण घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायांना आहेत. ते दुसऱ्याकडून पैसे देऊन लिहून घेण्याचा धंदा जोरात आहे. आपण ते करायचं नाही. सोवळं म्हणून नव्हे. ते लिहिलं नाही तर पेपरात लिहायला हात चालत नाही, म्हणून.

इंग्रजीची भीती आम्हाला ठाऊक आहे. पहिलं पुस्तक उघडलं की घशाला कोरड पडते. पण त्या इंग्रजीमागे काय असतं? बॅलन्स शीट म्हणजे ताळेबंद. एका बाजूला आपलं काय आहे, दुसऱ्या बाजूला ते कुणाच्या पैशातून आलं. वस्तीतली मासळीवाली मावशी हे रोज संध्याकाळी तोंडी करते. वर्किंग कॅपिटल म्हणजे उद्याचा माल भरायला आज हातात लागणारा पैसा. ती मावशी त्याच्यासाठी रोज व्याज भरते. ज्ञान आपल्या गल्लीतलंच आहे, नाव तेवढं साहेबाचं आहे. नाव पाठ करायला चार महिने लागतात. लागू देत.

आता सगळ्यात कडू गोष्ट. डिग्री मिळाली म्हणजे जात सुटली, असं समजू नका. २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी एक अभ्यास छापला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फक्त नावं वेगळी. एक उच्चवर्णीय, एक दलित, एक मुसलमान. दलित नावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या मानानं साधारण दोन-तृतीयांश निघाली, मुसलमान नावाची एक-तृतीयांश. शिक्षण तेच. खासगी क्षेत्रात राखीव जागा नाहीत, आणि 'मेरिट' नावाच्या गाळणीतून काय गाळलं जातं ते या आकड्यांत आहे.

मग करायचं कशाला? एवढ्यासाठी की 'तुझ्याकडे काय आहे' हे विचारायचं साहेबाचं निमित्त संपतं. उद्या त्यानं डावललं तर त्याला दुसरं कारण शोधावं लागेल आणि ते कारण उघडं असेल. त्याच्याशी लढता येतं. कागद नाही, या भिंतीशी लढता येत नाही.

दुसरं कारण आमच्या स्वार्थाचं आहे. आपल्या वस्तीतल्या सफाई कामगारांचा पीएफ कंत्राटदार कापतो आणि भरतो की नाही, ते कुणाला वाचता येतं? बचत गटाच्या बायांना फायनान्स कंपनी कुठल्या दरानं कर्ज देते, ते कोण काढून दाखवणार? आपल्या पतसंस्था बुडाल्या त्या शत्रूनं बुडवल्या तशा आपल्या अडाणी कारभारानंही बुडवल्या. दूर कशाला जा. जयंतीच्या वर्गणीचा हिशोब आपल्या मंडळात तीन-तीन वर्षं लागत नाही, आणि आपण अंबानीच्या ताळेबंदावर चर्चा झोडतो. हिशोब मागणं ही क्रांतीची पहिली पायरी असेल, तर हिशोब वाचता आला पाहिजे.

आणि जे हे शिकून वर जातील त्यांना आत्ताच सांगून ठेवतो. उद्या तुम्ही टीम लीडर व्हाल, मॅनेजर व्हाल. आडनाव गिळून टाकू नका. कंत्राटी पोराची हजेरी कापताना हात थरथरला पाहिजे. वरचा म्हणेल, खर्च कमी करा, चार माणसं काढा. त्या वेळी तुम्ही कुणाचे, ते कळेल. मुकादम आपल्या जातीचा असला म्हणून चाबूक मऊ होत नाही. साचेखात्याचं दार आपण मागितलं ते आत शिरून आतून कडी लावायला नव्हे.

त्या बदलापूरच्या पोराचं काय झालं? त्यानं सहा हजारवाल्यांचा नंबर ब्लॉक केला. डेबच्या यादीत स्वतः बघितलं, मुक्त विद्यापीठाचा अर्ज भरला, पहिल्या सत्राची फी रोख भरली. पहिल्या खेपेला तीन पेपर देणार म्हणतो. त्याची बहीण बी. कॉम. आहे. तिनं विचारलं, मी का नको? तिचाही अर्ज भरलाय. घरी भांडी कोण घासणार यावर सध्या त्यांच्यात संघर्ष चालू आहे. आमचा पाठिंबा बहिणीला आहे.

दर रविवारी सकाळी नऊ वाजता आपल्या अभ्यासिकेत वर्ग बसेल. ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, टक्केवारी, इंग्रजीतून लिहिणं, एवढंच. ज्यांनी अर्ज भरलाय त्यांनी यावं, भरायचा की नाही ठरत नाही त्यांनीही यावं. ज्यांनी आधी एमबीए केलंय त्यांनी जुनी पुस्तकं घेऊन यावं. नुसतं भाषण द्यायला कुणी येऊ नये. भाषणं आपल्याकडे भरपूर आहेत.

येताना एक वही आणा. पहिल्या रविवारी गेल्या वर्षीच्या जयंतीचा हिशोब फळ्यावर मांडायचा आहे.

जय भीम.